वास आला की सांग

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. या लिखाणात एखादी गोष्ट दोनदा आली, तर छापणाऱ्याला बोल लावू नका. चूक माझीच. माझी बायको सुमन हे वाचते आणि दुसऱ्यांदा आलेलं खोडते. पण तिलाही कधी कंटाळा येतो, मग ती राहू देते. मला अल्झायमर झालाय. हे नाव नीट म्हणता यायला मला बरेच दिवस लागले. आता नाव पाठ झालंय आणि बाकीचं जायला लागलंय.

मी गुळव्या. घर कळंबला. आमच्या इंदापूर-बारामतीच्या पट्ट्यातला बहुतेक ऊस कारखान्याला जातो, थोडा गुऱ्हाळावर येतो. गुऱ्हाळावर रस उकळायची एक भलीमोठी लोखंडी कढई असते, तिला काहील म्हणतात. त्या काहिलीपाशी उभं राहून रसाचा पाक कधी उतरवायचा हे जो सांगतो, तो गुळव्या. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, चिखल होतो. उशीर झाला तर करपतो. मधली वेळ फार थोडी असते आणि त्या थोडक्या वेळावर मी उभी हयात संसार केला.

बाकीचे गुळवे गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्याची गोळी होते का ते बघतात. मीही बघायचो, पण लोकांना दाखवायला. खरं तर गोळीच्या आधीच माझं नाक सांगून मोकळं झालेलं असायचं. पाक तयार होताना वास एकदम वळतो. कसा वळतो ते मला तेव्हाही सांगता येत नव्हतं. मी फक्त ओरडायचो, "उतरवा!" आणि गडी काहील उचलायचे.

आधी गेलं ते हे नाक.

नाक फार छान आहे

त्या दिवशी सकाळची पहिलीच काहील होती. मी झारा हातात घेऊन नवरदेवासारखा ऐटीत उभा. खालच्या भट्टीत, म्हणजे चुलवाणात, चिपाडांचा जाळ घालणारा दत्तू एकदम ओरडला, "तात्या, करपतंय की वो!"

मी म्हणालो, "गप. अजून वेळ हाय."

"वेळ कसली? समदी खोकायला लागल्यात!"

बघतो तर खरंच. गडी तोंडाला उपरणं लावून खोकतायत, गुऱ्हाळाचे मालक आबा खुर्ची सोडून बाहेर गेलेत, रस्त्यावरचा मोटारसायकलवाला थांबून आत डोकावतोय. आणि मधोमध मी, अत्यंत प्रसन्न. मला कसलाच वास नव्हता.

अशा वेळी शहाणा माणूस चूक कबूल करतो. मी दत्तूला म्हणालो, "तू जाळ जास्ती घातलास."

आबा आत आले. "तात्या, सर्दी झालीया का?"

"व्हय, सर्दीच." असं म्हणून मी दोनदा खोटं शिंकलो. तिसऱ्यांदा शिंकणार होतो, पण आबांच्या चेहऱ्याकडं बघून थांबलो.

मग बारामतीला नाकाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बॅटरी लावून आत बघितलं आणि म्हणाले, "काका, नाक तर छान आहे तुमचं." मी एवढा खूश झालो की येताना एसटीत शेजारच्यालाही सांगितलं. गावात तर महिनाभर सांगत होतो. नाक छान आहे, मग वास का येत नाही, हा साधा प्रश्न मला पडलाच नाही. पडला असेल तर मी विसरलो असेन.

(वाचणाऱ्यांनी घाबरू नये. वास जायला सर्दीपासून शंभर कारणं असतात, असं पुढं मेंदूच्या डॉक्टरबाईंनी मला बजावून सांगितलं. पण वास गेला आणि बरोबर वस्तू, रस्ते, माणसांची नावंही जायला लागली, तर माझ्यासारखं खोटं शिंकत बसू नका.)

चिलापी

दुसरी गोष्ट भिगवणची. रविवारी मी मासळी आणायला भिगवणला गेलो. चिलापी घेतली, पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली, समोर चहा प्यायलो. चहा पिऊन उठलो, परत मासळीवाल्या बाईकडं गेलो आणि परत चिलापी घेतली. ती बाई म्हणाली, "तात्या, घरी कार्य हाय का काय?" मी म्हणालो, "व्हय तर."

घरी आल्यावर सुमननं दोन पिशव्या बघितल्या.

"आवं, एवढी कुणाला?"

मला त्या क्षणी कळलं की दुसरी पिशवी कुठून आली ते मला ठाऊक नाही. पण माझं तोंड माझ्यापेक्षा हुशार. ते म्हणालं, "पाव्हणं येणार हायत."

"कोण?"

"येतील की. आल्यावर कळंलच."

बिचारीनं सगळी साफ केली, मसाला वाटला, भाकऱ्या थापल्या, अंगणात सडा टाकला. दुपार झाली, पाहुणे येईनात. मी रस्त्यावर जाऊन दोन्ही दिशांना बघून आलो. बघता बघता मलाच वाटायला लागलं की लोक कुठं राहिले बरं. शेवटी सुमन पाटावर माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "कुणी येणार न्हाय ना?"

मी मान हलवली. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली असती तर फार बरं झालं असतं. तिनं नुसतं माझ्या ताटात अजून एक तुकडा वाढला.

भोंगा

आमचा मुलगा महेश भवानीनगरला मोटारींच्या गॅरेजात काम करतो. त्यानंच बारामतीला मेंदूच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली. बाई तरुण, शांत. मी परीक्षेला बसल्यासारखा बसलो आणि परीक्षेत मी लहानपणापासून जे करत आलो तेच केलं. कॉपी.

बाईंनी तीन शब्द सांगितले आणि म्हणाल्या, थोड्या वेळानं परत विचारीन. मधे गप्पा मारल्या, उलटे आकडे म्हणायला लावले. मग म्हणाल्या, "आता ते तीन शब्द सांगा."

पहिला आला. दुसऱ्यासाठी मी सुमनकडं बघितलं. ती बाईंच्या मागं उभी होती. तिनं ओठ हलवले. मी म्हणालो, "खुर्ची." तिसऱ्यासाठी परत बघितलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. ओठ हलेनात. मी बाईंना म्हणालो, "तिसरा तुमी सांगितलाच न्हाय."

"बरं, राहू दे," बाई म्हणाल्या. "एक घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

मी गोल काढला. झकास गोल, काहिलीसारखा. आकडेही लिहिले, पण सगळे एका अंगाला गर्दी करून बसले, लग्नात लोक जेवणाच्या मांडवाकडं बसतात तसे. काटे कुठं ठेवावेत ते सुचेना. मी म्हणालो, "बाई, आमच्याकडं घड्याळ कोण बघतंय? कारखान्याचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं." बाई हसल्या. मी जिंकलो असं मला वाटलं.

मग त्यांनी दोन-तीन बाटल्या नाकाजवळ धरल्या. प्रत्येक बाटलीला मी "लवंग" म्हणालो. कधीतरी लागेलच, हा हिशेब. एकीत कॉफी होती, एकीत साबण. लवंग एकीतही नव्हती.

मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटोही काढला. ऊस चरकात जातो तसा मी आडवा आत गेलो. आवाजही तसाच. बाहेर येताना रस निघाला नाही एवढाच फरक.

पुढच्या वेळी बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. मी विचारलं, "औषध किती दिवस?" त्या म्हणाल्या, "औषधानं थोडा आधार मिळेल. पण गेलेलं परत येत नाही, हे मी तुम्हाला खरं सांगते." महेश खिडकीबाहेर बघायला लागला. सुमननं माझ्या शर्टाची बाही धरली, बाजारात लहान पोरगं आईचा पदर धरतं तशी. मी मात्र एकच गोष्ट विचारली.

"वास बी न्हाय येणार?"

"नाही, तात्या. बहुतेक नाही."

मळी

हे होतं कशानं, ते बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. मी मला समजलं तसं सांगतो. अभ्यासाला कुणी हे वापरू नये.

मेंदूत करोडो पेशी असतात, त्या एकमेकींना निरोप देत असतात. या पेशींच्या बाहेर एक प्रथिन साचायला लागतं. ते तयार सगळ्यांच्याच डोक्यात होतं, पण निरोगी माणसाचा मेंदू ते साफ करत राहतो. माझ्यासारख्याचा मेंदू साफ करायचा थांबतो, मग त्याच्या गुठळ्या बसतात. पेशींच्या आत दुसरं एक प्रथिन असतं, ते आतला सांगाडा सरळ धरून ठेवतं, त्यावरून पेशीचं अन्नपाणी इकडून तिकडं जातं. ते सुटतं आणि त्याचा गुंता होतो. बाहेर गुठळ्या, आत गुंता. पेशीला अन्न पोचत नाही, निरोप पोचत नाही, ती सुकते. हे सगळं पहिली खूण दिसायच्या कितीतरी वर्षं आधी गुपचूप चालू झालेलं असतं. नाकाची बातमी जिथं पोचते तो भाग आणि नव्या आठवणी जिथं साठतात तो भाग, दोन्ही शेजारी-शेजारी. गुंता तिथं आधी होतो. म्हणून आधी वास गेला, मग चिलापी.

मी म्हणालो, "म्हंजी मळी."

बाईंना मळी माहीत नव्हती. उसाचा रस तापला की वर काळपट फेस येतो, ती मळी. ती झाऱ्यानं काढत राहावी लागते. काढली नाही तर सगळा गूळ काळा पडतो. "तुमी म्हणता ते हेच की," मी म्हणालो. "माझ्या काहिलीतली मळी कुणी काढलीच न्हाय."

"बरंचसं तसंच," बाई म्हणाल्या.

आणि इथंच माझ्या डोक्यात एक भयंकर कल्पना शिरली.

भेंडीचा महिना

गुऱ्हाळावर मळी वर आणायला आम्ही रानभेंडीची झाडं ठेचून पाण्यात भिजवतो. तो चिकट रस काहिलीत टाकला की सगळी घाण त्याला धरून वर येते. मी विचार केला, जे काहिलीत चालतं ते कवटीत का चालू नये?

मी सुमनला फर्मावलं, उद्यापासून रोज भेंडी. दोन्ही वेळेला. सकाळी अनशापोटी भेंडी भिजवलेलं पाणी. ते पाणी नाकातनं शेंबूड वाहतो तसं घशातनं उतरतं. मी डोळे मिटून गटागट प्यायचो आणि नंतर कपाळावर हात ठेवून मळी वर येतेय का बघायचो.

महेश भवानीनगरहून घरी आला की ताटात भेंडी. तळलेली, भरलेली, ताकातली. एकदा तो म्हणाला, "आई, आजार तात्यांना हाय. मला कशाला?"

सुमन म्हणाली, "खा गप. आधीपासनं खाल्लेली बरी."

आधीपासनं खाल्लेली बरी. ती असं बोलली आणि महेशनं हातातला घास ताटात ठेवला, कारण तिच्या पोटातली भीती तोंडावर आली होती. माझ्या आईलाही शेवटी असंच झालं होतं. तेव्हा कुणी आजार म्हणायचं नाही, म्हातारपण म्हणायचे. आता महेश तो धागा धरून बसला होता. आजीला, मग तात्यांना, मग?

पुढच्या तपासणीला मी बाईंना भेंडीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "भेंडी खा, चांगली आहे. पण पोटातली भेंडी मेंदूपर्यंत पोचत नाही. तुमची मळी वर येते, ही आत बसते. ती काढायची औषधं निघतायत, पण तीही आजार अगदी कोवळा असतानाच, थोडाफार वेग कमी करायला. आणि सुकलेली पेशी पुन्हा उभी राहत नाही."

ते मला लगेच पटलं. करपलेल्या पाकातली मळी काढून तो गोड होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

मग महेशनं विचारलं, "मलाबी व्हईल का?" बाई म्हणाल्या, "सगळ्यात मोठं कारण वय. घरात कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, पण वडिलांना झाला म्हणून मुलाला होणारच असं नाही. रक्तदाब, मधुमेह सांभाळ, तंबाखू सोड, चालत जा."

सुमन इतका वेळ पदराचं टोक पिळत होती. ती एकदम म्हणाली, "बाई, माझ्या हातनं काय ऱ्हायलं का? खायाप्यायात?"

मी चकित झालो. एवढे दिवस ही बाई हे मनात घेऊन भाकऱ्या थापत होती. डॉक्टरबाईंनी खुर्ची तिच्याकडं वळवली. "काहीही नाही, मावशी. तुमच्या हातनं नाही, त्यांच्या हातनं नाही. कुणीच हे केलेलं नाही."

ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांनी एवढं एक वाक्य उचलून न्यावं. बाकी लिखाण विसरलात तरी चालेल. मीही विसरणार आहेच.

खुर्ची

नवा हंगाम सुरू झाला. मी धोतर-शर्ट चढवून गुऱ्हाळावर गेलो, तर आबांनी मला खुर्ची दिली. चहा दिला. उन्हात नको म्हणून खुर्ची उचलून सावलीत ठेवली. काहिलीपाशी दुसराच गुळव्या उभा.

"तात्या, तुमी निस्तं बसा. लक्ष ठिवा."

आबांनी मला चार माणसांत कधी खुर्ची दिली नव्हती. मी ओळखलं. घरी येऊन महेशला विचारलं, "आबांना तू सांगितलंस?"

"व्हय, सांगितलं." तो मान वर करून बोलला. "उकळत्या काहिलीपाशी उभं राहता. एक पाऊल चुकलं तर? मग मी आईला काय सांगू?"

"माझं पाऊल चुकत न्हाय."

"तात्या, परवा तुमी न्हाणीघर समजून कोठीत गेलता."

खरं होतं. ज्वारीच्या पोत्यावर टॉवेल ठेवून मी पाण्याची वाट बघत बसलो होतो. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, म्हणजे तसं झालं असं सुमन सांगते. मी महेशला म्हणालो, "मला गूळ नको, पैसा नको. एक काहील. मला ठाऊक असताना, माझ्या हातानं उतरवलेली एक काहील. पुढच्या हंगामात मला काहील म्हंजी काय हे ठाऊक असंल का न्हाय, कुणी सांगावं?"

तो म्हणाला, "पण वास तर येत न्हाय तुम्हाला."

ते खरंच होतं.

चुलीपाशी बसलेली सुमन मागं न बघता म्हणाली, "मला येतो की."

एक काहील

एवढ्या वर्षांत सुमन कधी काहिलीपाशी उभी राहिली नव्हती. दुपारी भाकरी घेऊन यायची, दारातनं डबा द्यायची आणि जायची. आबांनी मोठ्या मनानं एक काहील दिली, अर्धीच भरलेली. अट एकच, महेश माझ्या पाठीशी. तो आला आणि त्यानं माझी कंबर उपरण्यानं बांधून त्याचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. बैलासारखा मी उभा राहिलो. दत्तू चुलवाणातनं म्हणाला, "तात्या, औंदा जाळ माझा, नाक काकूंचं. तुमचं काय?"

"ओरडणं माझं," मी म्हणालो.

रस तापला. मळी आली ती मी झाऱ्यानं काढली. हाताला सगळं आठवत होतं. डोक्याला न विचारता हात चालत होते. पाक दाटला, बुडबुडे जड झाले, आवाज बदलला. आता ती वेळ जवळ आली होती.

"सुमन, वास आला की सांग."

"येतोय."

"कसला?"

"गोड."

"अगं, गोड तर सकाळपासनं येतोय! आता कसा येतोय?"

"जास्ती गोड."

दत्तू खाली हसायला लागला. मी वैतागलो. "वळला का? वास वळला का?"

"वळतोय म्हंजी कसा? रस्ता हाय का त्यो?" ती पण वैतागली. घामानं तिचं कुंकू ओघळलं होतं. "भाजल्या शेंगदाण्यावानी... न्हाय, न्हाय. थांबा."

कंबरेच्या उपरण्यातनं मला महेशचा ताण जाणवत होता. मी नाक पुढं केलं, जोरात श्वास ओढला. गरम वाफ आत गेली आणि तिच्यात काहीच नव्हतं. पाण्याची वाफ. माझं सगळं आयुष्य तिथं उकळत होतं आणि मला तिथनं नुसती ऊब येत होती.

मग सुमननं डोळे मिटले. तिचा चेहरा एकदम निवळला, कुणी ओळखीचं माणूस दुरून येताना दिसावं तसा.

"आवं," ती म्हणाली, "तुमी हंगामात घरी यायचा ना, दारातनं आत यायचा... त्यो. तुमच्या शर्टाचा."

"उतरवा!" मी ओरडलो.

शर्ट

गूळ कसा झाला? आबा म्हणाले, "जरा तांबूस, पण बसलाय झकास." तांबूस म्हणजे क्षणभर उशीर. तो क्षण मी तिच्या चेहऱ्याकडं बघण्यात घालवला, हे मी आबांना सांगितलं नाही.

त्यानंतर मी काहिलीपाशी गेलो नाही. गोळ्या घेतो, सकाळी कालव्याच्या कडेनं सुमनबरोबर चालतो, दाराला आणि कपाटाला महेशनं लावलेल्या चिठ्ठ्या वाचतो. भेंडी आठवड्यातनं एकदा. चिलापी आणायला महेश जातो आणि एकच पिशवी आणतो.

त्या दिवसाचा शर्ट सुमननं धुतला नाही. कपाटात खालच्या कप्प्यात घडी करून ठेवलाय. मी विसरून दोनदा धुण्याच्या ढिगात टाकला, दोनदा तिनं बादलीच्या तोंडातनं काढला. मला शिव्या दिल्या. बरं वाटलं.

कधी दुपारी ती तो शर्ट काढते. मीही नाक लावून बघतो. कापूस, बस. मग तिच्या हातात देतो आणि विचारतो, "येतोय का?" ती शर्टाला नाक लावून डोळे मिटते. तेवढा वेळ मी कामावरनं घरी आलेला असतो.